खुर्चीवर ठेवलेला झगा

मित्रांनो, वकिलांच्या खोलीत सहाव्या खुंटीवर लटकणारा, कोपरांवर झिजून चकाकणारा काळा झगा तो मीच. उत्तर पोर्तुगालमधल्या, द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या एका लहान गावाच्या न्यायालयात माझी चाळीस वर्षे गेली. बोलावे की नाही, याचा मी फार दिवस विचार केला. कापडाला कायद्यातले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेही असेल. पण राग गिळून लटकत राहणे आता जमत नाही.

क्लोतिल्द नावाच्या शिंपिणीने मला शिवले. मी कोणा एकाचा होणार नव्हतो, म्हणून तिने माझे खांदे ऐसपैस ठेवले. आमच्याकडे ज्या वकिलाने स्वतःचा झगा आणलेला नसतो, तो खुंटीवरचा उचलतो आणि काम संपले की परत अडकवतो. लठ्ठ, काटकुळे, सर्दी झालेले, सगळे माझ्यात मावले. मला घालणारा प्रत्येक जण दुसऱ्याचे गाऱ्हाणे मांडायला उभा राही. अशील चिडे, रडे, नको ते बोलू पाही. वकील त्याच्या बाहीला हळूच हात लावून त्याला थांबवी. चांगला युक्तिवाद झाला की लोक वकिलाचे हात हातात घेत. थोडे कौतुक माझेही आहे, असे मी मनात धरी.

मग गावातले वकील गास्पार विल्येना यांचा स्वतःचा खटला आला. त्यांची शहाऐंशी वर्षांची आई इर्मेलिंदा उतारावरच्या घरात राहते. घर गास्पार यांच्या नावावर आहे. तिथून रस्त्याला जाणारी सपाट पायवाट शेजारच्या फिर्मीनोच्या मळ्यातून जाते. द्राक्षांची तोडणी संपली आणि फिर्मीनोने फाटकाला कुलूप घातले. दुसरी वाट म्हणजे एकाहत्तर दगडी पायऱ्या. म्हातारीचे गुडघे त्या पायऱ्यांना तयार होईनात, आणि ती घरातच अडकली. गास्पार यांनी वाटेच्या हक्कासाठी दावा लावला, आणि वकील म्हणून स्वतःच उभे राहिले. कायदा त्याला मोकळीक देतो. का देतो, हे मला चाळीस वर्षांत समजले नाही.

“ती फाइल माझ्याकडे दे,” खोलीत कॉफी पिता पिता ओतावियाबाई म्हणाल्या. त्याही वकील, गास्पार यांच्याच वयाच्या.

“कशाला? त्या वाटेवरचा दगडन् दगड मला माहीत आहे.”

“म्हणूनच दे. केस कापायला न्हाव्याकडेच जातोस ना?”

“केस उरलेत कुठे आता?” टकलावरून हात फिरवत गास्पार म्हणाले. “वीस वर्षं वाटांचेच खटले लढवतोय मी, बाई.”

“लोकांच्या वाटांचे,” त्या म्हणाल्या. तोवर गास्पार यांनी मला खांद्यावर घेतले होते.

सुनावणीला इर्मेलिंदाबाई आल्या होत्या. दोघा भाच्यांनी त्यांना खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून उतरवले होते. सकाळी सगळे नीट चालले. मग गास्पार यांची स्वतःची जबानी घ्यायची वेळ आली. जबानी वादी म्हणून द्यायची, वकील म्हणून नव्हे. त्यांनी मला उतरवले, आपल्या खुर्चीवर ठेवले आणि खाली मधल्या साक्षीदाराच्या जागी जाऊन बसले.

फिर्मीनोच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारले, “तुमचे वडील दुसऱ्याच्या मळ्यात न विचारताच घुसायचे का?”

माझ्या अस्तरात काटा उभा राहिला. गास्पार यांनी कित्येक अशिलांना बजावलेले मी ऐकले होते: वाट हक्काची असेल तरच मिळते, शेजाऱ्याने मेहरबानी म्हणून जाऊ दिले असेल तर नाही. पण आता बापाचा अपमान झाला होता, आणि त्यांच्या बाहीला हात लावणारे कोणी नव्हते.

“माझे वडील रानटी नव्हते,” ते ताडकन म्हणाले. “रोज टोपी काढून ‘जाऊ का?’ असं विचारूनच जायचे.”

“आभारी आहे. माझं झालं.”

न्यायाधीशांनी सवयीने वादीच्या वकिलाच्या जागेकडे पाहिले. “आपल्या बाजूने काही प्रश्न?”

तिथे मी होतो. बाह्या लोंबत होत्या. न्यायाधीशांच्या ते लक्षात आले, त्यांनी नजर कागदाकडे वळवली आणि पुढचा साक्षीदार बोलावला. एवढे मोठे न्यायाधीश, त्यांनी निदान थोडे थांबायचे होते.

बाहेर ओसरीत आईने मुलाला जवळ बोलावले. गास्पार यांनी मला हातावर टाकले होते.

“खरं तेच बोललास. पण अर्धंच का सांगितलंस रे?” त्या म्हणाल्या. “टोपी काढायचा, विचारायचा. उत्तराला कधी थांबायचा का तुझा बाप? विचारता विचारताच फाटकाच्या पार जायचा. ती नुसती रीत होती. हे कुणीच कसं विचारलं नाही तुला?”

माझ्या कापडात गास्पार यांची बोटे रुतली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. वाट मेहरबानीची ठरली. कुलूप तसेच राहिले, आणि इर्मेलिंदाबाई खुर्चीत बसूनही त्या पायऱ्या पुन्हा उतरलेल्या नाहीत. एका माणसाच्या ताठ्याची शिक्षा एका म्हातारीच्या गुडघ्यांना झाली, आणि न्यायालयात सगळे म्हणाले की कामकाज नियमाप्रमाणे झाले.

मित्रांनो, मला कसर लागली आहे, बगलेतली शिवण उसवली आहे, पण ती दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. तुमच्यातला कोणी पुढे वकील झाला आणि त्याच्या घरावर वेळ आली, तर त्याने मला खुशाल घालावे, पण दुसऱ्या वकिलाच्या अंगावर. स्वतःच्या खटल्याला मला खुर्चीवर ठेवून जाऊ नका. मला तिथून उठता येत नाही.