पाण्याच्या उडीचा डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे, तळाला खिळे असलेला, धावण्याचा. माझ्या जोडीचा उजवा अजून स्वतःला नवा समजतो. समजू दे बापडा!

मित्रांनो, माझ्या अंगभर बारीक भोकं आहेत, पण हसू नका. अडथळ्यांच्या शर्यतीत प्रत्येक फेरीला पाण्याचा एक खड्डा येतो आणि त्यात आधी पडतो तो मी. शिरलेलं पाणी त्या भोकांतून चार पावलांत निघून जातं. मला शिवणाऱ्याने ती उगाच ठेवली नव्हती.

माझा मालक किमोसोप केनियातून अमेरिकेत आला, तिथल्या सैन्यात भरती झाला आणि शपथ घेऊन त्या देशाचा नागरिक झाला. पुढे कोलोरॅडोच्या छावणीत त्याला धावपटूंच्या तुकडीत घेतलं. सैन्यासाठी आम्ही पदकं आणली. एकदा वर्तमानपत्रात माझाही फोटो आला, अर्धाच का होईना.

त्याची बायको जेमुताई त्याच छावणीच्या भांडारात होती. ती सार्जंट, हा तिच्याहून खालचा कॉर्पोरल. घरी ती मक्याच्या पिठाची उगाली ढवळायला लागली की हा कडक सलाम ठोकायचा. ती मान वर न करता म्हणायची, "कॉर्पोरल, सलाम पुरे, ताटं घ्या."

मग देशाचा संघ निवडण्याची शर्यत आली. किमोसोप चौतिशीला टेकला होता. वरिष्ठांनी स्पष्टच सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आलास तर धावत राहा, नाहीतर जुन्या पलटणीत परत. ती पलटण पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी समुद्रापार निघणार होती, आणि जेमुताईला सातवा महिना लागला होता. दोघं त्याबद्दल बोलत नसत, पण घरात दुसरं काही नव्हतंच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो मालिश करून घ्यायला गेला, तेव्हा जेमुताईने मला मांडीवर घेतलं. तिच्या भांडारातून बूट घेऊन गेलेल्या जवानाचा पाय कधी ओला झाला नव्हता. लष्करी बुटांना चोळतात ते मेण तिने मला चोळलं, एकदा नाही, तीनदा, नाडीसकट. माझं भोक न् भोक बुजलं. किती मायेने चोळत होती! मला ओरडता आलं असतं तर?

सकाळी माझी चमक पाहून किमोसोप नुसता हसला.

पहिल्याच खड्ड्यात पाणी घोट्यावरून आत आलं आणि आतच राहिलं. तिसऱ्या फेरीला मी डबडबलो होतो. त्याचा पाय माझ्यात घसरत होता आणि प्रत्येक अडथळ्यावर माझी टाच घासत होती. तरीही गडी तिसरा होता. सहाव्या उडीला मेणाने गुळगुळीत झालेली नाडी सुटली आणि मी खड्ड्याच्या काठावर पडलो. तो थांबला नाही.

शेवटच्या फेरीला तो परत आला, एक पाय अनवाणी, अजून तिसराच. मागचा धावपटू त्याच्या खांद्याला भिडला होता. दोघांनी एकदम उडी घेतली. किमोसोपचा उघडा पाय खड्ड्याच्या तळाशी सटकला. तो सावरला, पळाला. पुढचं मला दिसेना, फक्त लोकांचा गलका वाढत गेला आणि एकदम थांबला.

तो चौथा आला, छातीभर अंतराने.

लंगडत येऊन त्याने मला उचललं. पाणी ओतलं. भोकांवरून नख फिरवलं, नखात मेण आलं. ते त्याने हुंगलं. जेमुताईच्या भांडारातला वास होता.

तेवढ्यात जेमुताई पोट सावरत पायऱ्या उतरून आली. तिचा आवाज फाटला होता. "काय झालं रे?"

त्याने नख चड्डीला पुसलं. "बूट जुना झाला होता. त्यानेच दगा दिला."

"मी तीनदा मेण चोळलं होतं रे ह्याला."

"म्हणून तर इतकं तरी टिकला," तो म्हणाला.

तिने मला हिसकावून घेतलं आणि म्हणाली, "मेल्या, आजच बरा पायातून सुटलास!" मग मलाच छातीशी धरून रडली.

मुलगी झाली तेव्हा तो समुद्रापार होता. मी अजून त्यांच्या दाराशी आहे, आणि जेमुताई मला अजून दगाबाज म्हणते.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, पण आधी त्या कशासाठी घडल्या आहेत ते पाहा. आणि आपल्या माणसाच्या हातून मायेपोटी चूक झालीच, तर खापर खुशाल एखाद्या जुन्या बुटावर फोडा. आम्हाला चालतं.