तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की सलग तीन रविवार भर उपासनेत त्याची सूचना वाचतात. नवऱ्यामुलाचं नाव, नवरीचं नाव, गाव, आणि शेवटी पाळकसाहेब विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत आहे का. माझ्या सत्तावीस वर्षांत कोणी हरकत घेतलेली मी पाहिली नव्हती. प्रश्न झाला की पाळकसाहेब क्षणभर थांबतात, मागच्या बाकावर कोणीतरी खोकतं आणि गीत सुरू होतं. माझ्याच वेळी तिसऱ्या रविवारी एक माणूस उठून उभा राहिला.

पण आधी डंपरचं सांगायला हवं. मी हेमांगी, पाचोऱ्यात एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी सकाळच्या ड्युटीला स्कूटीवरून निघाले होते. गिरणाकाठच्या रस्त्यावर गावच्या कोतवालाने, पुनाने, चोरट्या वाळूचा डंपर अडवला होता. ड्रायव्हर अभिमन खाली उतरून त्याच्यापुढे हात जोडत होता. तेवढ्यात केबिनमध्ये बसलेला डंपरचा मालक स्वतः स्टिअरिंगवर सरकला आणि पुनाच्या अंगावर गाडी घालून निघून गेला. मी धावले, नाडी बघितली, ती नव्हती. पोलिसांत गुन्हा मात्र अभिमनच्या नावावर चढला. मालकाने दोन साक्षीदार उभे केले होते, आणि त्याच्या विरुद्ध बोलणारी मी एकटी. वर्षभर अभिमन जळगावच्या तुरुंगात खुनाच्या आरोपाखाली बसून होता.

खटल्याची तारीख लागली तेव्हा त्याची आई द्रौपदाबाई दवाखान्यात आली. रडली नाही, पाया पडली नाही. एवढंच म्हणाली, "बेटी, तू डोयाघाई दखेल शे ना? मंग तितलंच सांगजो. जास्त काहीच नको."

डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं? आठवड्याने माझ्या डब्याच्या पिशवीत पहिली चिठ्ठी निघाली. नंतर आणखी तीन. निळ्या शाईत, शाळेतल्या सुविचारासारखं सुबक अक्षर. शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, साक्ष दिलीस तर लग्नाच्या पांढऱ्या साडीतच पुरतील. चारही चिठ्ठ्या मी गीतपुस्तकात दडवल्या. घरी बोलले नाही आणि योगेंद्रलाही बोलले नाही.

योगेंद्र म्हणजे माझा होणारा नवरा. धुळ्याचा, नरडाण्याला कारखान्यात नोकरी. माणूस इतका सावकाश की फोनवर 'हॅलो' म्हटल्यावर पुढचं वाक्य येईपर्यंत माझा भात लावून होतो. पण मी एकदा सहज म्हटलं होतं की धुळ्याचे शेंगदाणे पाचोऱ्यापेक्षा बरे, तर तेव्हापासून दर शनिवारी शेंगदाण्यांची पुडी घेऊन यायचा. असा माणूस मला गमवायचा नव्हता. चिठ्ठ्या कळल्या तर त्याच्या घरचे मागे सरतील, ही माझी भीती. रोज प्रार्थनेत मी देवाशी भांडायचे, की त्या सकाळी त्या रस्त्यावरून मलाच का नेलंस. शेवटी दमून फक्त धीर मागायला लागले.

साक्ष सोमवारी होती. आदल्या दिवशी, तिसऱ्या रविवारी, इस्त्रीच्या शर्टातला एक अनोळखी माणूस उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला की या बाईचं पहूरला आधीच लग्न झालंय. चर्चमध्ये पंखे तेवढे ऐकू येत होते. त्याचं काम झालं होतं. तो दाराकडे निघाला.

इथेच त्याला आमचे पितांबर नाना भेटले. नाना आमच्या चर्चच्या मंडळीचे चिटणीस, सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेलेली. कागदावर नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही. त्यांनी हसतमुखाने त्याचा दंड धरला आणि सांगितलं की हरकत तोंडी चालत नाही. स्वतःच्या हाताने वहीत लिहायची, खाली सही करायची, नाहीतर धरत नाहीत. ओरडलं की लग्न मोडतं, अशी त्याची समजूत असावी. सगळ्या मंडळीसमोर नाही कसं म्हणणार? तो पाळकसाहेबांच्या खोलीत आला. मागोमाग मी आणि उपासनेला आलेला योगेंद्र.

नाना कपाटात वही शोधत होते, योगेंद्र पाळकसाहेबांशी बोलत दारात होता. तेवढ्यात तो माणूस माझ्याकडे वाकला.

"उद्या कोर्टात म्हण, काही दिसलं नाही. ही हरकत आत्ता मागे घेतो."

खोटं बोलून मिळालेला योगेंद्र मला चालला असता का? खरं सांगते, त्या घडीला चालला असता. मी मान हलवायच्या बेतात होते. पण नानांनी वही पुढे सरकवली होती आणि तो लिहायला लागला होता. रतिलाल, राहणार पहूर. निळी शाई, तेच सुबक अक्षर. ते बघून माझी भीती गेली नाही, पण राग तिच्या पुढे आला. तुरुंगातला अभिमन आठवला, त्याची आई आठवली. तितलंच सांगजो. मी गीतपुस्तक उघडलं आणि चारही चिठ्ठ्या वहीशेजारी मांडल्या.

योगेंद्रने त्या एकेक करून वाचल्या, त्याच्या नेहमीच्या गतीने. त्याचे कान लाल झाले.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही मागे सराल म्हणून."

त्याने चारही चिठ्ठ्या घडी घालून वहीवर ठेवल्या. मला वाटलं, संपलं. मग तो पाळकसाहेबांकडे वळला. "लग्न पुढे गेलं तरी चालेल. उद्याची साक्ष पुढे जायला नको. हिला कोर्टात मी घेऊन जातो." तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

रतिलाल डंपरमालकाचा मुनीम निघाला. तो दाराबाहेर पडला तर पायऱ्यांवर अख्खं महिला मंडळ ठाण मांडून बसलेलं, पोलीस येईपर्यंत एकीनेही पाय आखडला नाही. दुसऱ्या दिवशी तेच मंडळ दोन जीपगाड्या भरून जळगावला आलं. समोरच्या वकिलाने मला तासभर पिळलं. मी पाहिलं होतं तेवढंच सांगितलं, जास्त काही नाही. चिठ्ठ्या आणि वहीही कोर्टात हजर झाल्या; वही नानांनी रीतसर पावती देऊन परत आणली. दोन आठवड्यांत मालकाला अटक झाली आणि अभिमनला जामीन मिळाला.

आमचं लग्न मात्र अडकलं. हरकत खोटी ठरली तरी सूचना पहिल्यापासून तीन रविवार वाचायची, असा नियम पितांबर नानांनी काढला. मी त्यांच्याशी भांडले, योगेंद्रने शेंगदाणे दिले, उपयोग झाला नाही.

नव्या मोजणीतल्या तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला आणि शेवटच्या बाकावरून पुन्हा कोणीतरी उठलं. मागे वळून बघते तर द्रौपदाबाई, डोक्यावर पदर घेऊन उभी. विचारलंय म्हणजे उत्तर द्यायला हवं, असं तिला वाटलं असणार.

"मना पोऱ्या काल घर उना," ती म्हणाली. अभिमन जामिनावर घरी आला होता. "या लगीनले मनी काहीच हरकत नही."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी वही उघडून तिच्यापुढे नेली, कारण तोंडी चालत नाही. द्रौपदाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून रतिलालच्या खोडलेल्या सहीखाली तिने अंगठा उठवला.