वाजवली, पण वाजली नाही

“दिवंगत भगिनीच्या अंत्यविधीप्रसंगी मंडळीच्या प्रथेनुसार मरणघंटा रीतसर वाजवण्यात आली.”

मित्रांनो, हे वाक्य आमच्या मंडळीच्या वार्षिक अहवालात छापलेले आहे. त्याखाली सर्व पंचांच्या सह्या आहेत. त्यात शुद्धलेखनाची चूक नाही, आणि बोट ठेवून खोटा म्हणावा असा एकही शब्द नाही. भगिनी खरी होती, अंत्यविधी खरा होता, दोरही खरोखरच ओढला गेला. पण आपल्या भाषेने ‘वाजणे’ आणि ‘वाजवणे’ अशी दोन क्रियापदे उगाच ठेवलेली नाहीत. एखादी वस्तू वाजवली म्हणजे ती वाजलीच, असे होत नाही. शिवाय, ‘वाजवण्यात आली’. कोणाकडून? वाक्यात कर्ताच नाही. ज्या वाक्याला कर्ता नाही त्याला पाप लागत नाही, ही सुशिक्षितांची फार जुनी श्रद्धा आहे. इतर अनेक श्रद्धा त्यांनी सोडल्या, ही मात्र प्राणपणाने जपली.

कर्ता कोण, हे मला ठाऊक आहे. कारण जी वाजवली गेली आणि वाजली नाही, ती घंटा मीच.

मी जुनी आहे. मला एका ओतारी कुटुंबाने घडवले. माती, शेण आणि केस कालवून त्यांनी माझा साचा केला, तो उन्हात वाळवला, आणि मग तांबे व कथील वितळवून त्यात ओतले. म्हातारा ओतारी मुलांना बजावत असे, “कथील बेताने टाका रे. जास्त पडलं तर आवाज गोड येतो, पण अंग ठिसूळ होतं.” अतिगोड आवाजाविषयी माझ्या मनात जो संशय आहे तो असा जन्मजात आहे. पुढे आयुष्यभर प्रवचने ऐकताना तो माझ्या कामी आला.

माझ्या पोटात जो लोखंडी लोलक लोंबतो त्याला सारे जण ‘जीभ’ म्हणतात. जिभेला हाड नसते, अशी माणसांची म्हण आहे आणि ती त्यांच्यापुरती खरी आहे. माझी जीभ सबंध हाडाचीच आहे. ती वळत नाही, तिला शब्द गिळता येत नाहीत. ती आपटते आणि मी बोलते, एवढेच आमचे व्याकरण.

मला प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यात टांगले गेले. दोर जाण्यासाठी छताला एक भोक पाडले होते. त्या भोकातून दोर खाली जाई आणि खालचे सगळे बोलणे वर येई. लग्ने, बाप्तिस्मे, पंचांची भांडणे, गायकवर्गातले रुसवेफुगवे, सगळे मी ऐकले. माझी स्तुतीही ऐकली. “काय खणखणीत आवाज आहे!” असे म्हणून लोक कानांवर हात ठेवत. स्तुतीची ही पद्धत मला पुढे अधिक चांगली कळली.

पण माझे खरे काम मरणघंटेचे. त्याची आमच्याकडे एक रीत होती. कोणी वारले की माझ्या जिभेच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधायची. मग एक टोला मोकळा पडतो आणि दुसरा दबका, जणू कोणी मोठ्याने हाक मारली आणि दुरून कोणी तरी कण्हून ओ दिली. तो आवाज ऐकला की हातातले काम टाकून माणसे उंबऱ्यावर येत आणि विचारत, “कोण गेलं?” उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न ठरलेला, “कशानं?” घराघरांतून हे दोन प्रश्न फिरत आणि त्यांच्या मागोमाग माणसे चालत येत. पहिला टोला पडल्यावाचून शवपेटी उचलायची नाही, हा नियम. गरीब असो की पंच असो, मेल्यावर प्रत्येकाचा एवढा हक्क होता की साऱ्या वस्तीने त्याच्याविषयी दोन प्रश्न विचारावेत.

माझा दोर ओढणाऱ्या म्हाताऱ्याला लोक टोलेकाका म्हणत. मनोऱ्याच्या भिंतीपलीकडे मेणबत्त्यांचा कारखाना होता. तिथे एक तरुण मुलगी साच्यांमध्ये वाती ओवण्याचे काम करी. ती इतकी सडपातळ होती की सगळे तिला ‘वात’च म्हणत. तिची आई शिंपीण. गायकवर्गाचे झगे तीच शिवी. कामावर जाताना वात मनोऱ्याखाली थांबून ओरडे, “काका, आज तुमच्या म्हातारीचा घसा बसलाय वाटतं! काढा द्या तिला!”

“तुझ्या सासूला दे आधी!” काका आतून म्हणत.

“सासू येऊ दे तर खरी!”

मला म्हातारी म्हणणारी ती एकटीच होती. मला ते आवडत असे.

आता पाळकांविषयी सांगितले पाहिजे. ते विद्वान होते. उजव्या हातात धर्मग्रंथ आणि डाव्या हातात वर्तमानपत्र घेऊन ते उभे राहत. रोजच्या जगाकडे श्रद्धेच्या नजरेने पाहावे, ही त्यांची शिकवण, आणि शिकवण म्हणून ती निर्दोष होती. दूर कुठे धरणीकंप झाला की त्यांचा कंठ दाटून येई. महासागरापलीकडच्या युद्धातल्या अनाथांसाठी त्यांनी अशी प्रार्थना केली होती की बाकांवर हुंदके फुटले. जखमी वाटसरूला पाहून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून गेलेल्या त्या जुन्या धर्मगुरूला तर ते दरवर्षी नव्याने झोडपत. मी वर्षानुवर्षे ऐकले आणि मला एक गोष्ट उमगली. दूरचे दुःख फार सोयीचे असते. ते दार ठोठावत नाही आणि आपले नाव घेत नाही.

मंदिराला नवी फरशी बसली तेव्हा तिच्यावर मेण ठिबकू लागले. म्हणून वेदीपाशी मेणबत्त्या रोवण्यासाठी एक मोठे पितळी तबक आले. तबकात वाळू हवी होती. एके सकाळी मी वरून पाहिले. कारखान्याच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लाल बादल्या दोन हमाल उचलून मंदिरात आणत होते. त्यांतली वाळू तबकात ओतली गेली आणि रिकाम्या बादल्या परत गेल्या. रविवारी पाळकांनी जाहीर केले, “कारखान्याच्या मालकांनी, आपल्या ज्येष्ठ पंचांनी, ही वाळू प्रभूच्या मंदिराला अर्पण केली आहे.” मालक बाकावरून अर्धवट उठले, काहीसे गोंधळले, आणि बसले. मला तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात वातीचा आवाज ऐकू आला.

“मुकादम, आमची वाळू देवाघरी गेली. आता आग लागली तर आम्हीही तिच्या मागोमाग का?”

“गप गं! नवी येईल.”

“कधी?”

“येईल म्हटलं ना! तोंड चालवतेस तेवढे हात चालव.”

नवी वाळू आली नाही. रिकाम्या बादल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून कोणी तरी त्यांत पाणी भरून ठेवले.

मित्रांनो, पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर आग विझत नाही. पाणी मेणाखाली जाते, क्षणात वाफ होते आणि जळते मेण छतापर्यंत उसळते. म्हणून तर वाळू ठेवतात. मेणाची कढई पेटली तेव्हा मी फक्त खिडकीतला उजेड पाहिला. आत काय घडले ते नंतर वातीसोबत काम करणाऱ्या बायका अंगणात रडत सांगत होत्या, त्यावरून कळले. इतर सगळ्या दाराकडे पळाल्या. वात भिंतीकडे पळाली. तिला शिकवले होते तसेच तिने केले. लाल बादली जड लागली, नवी वाळू आली असेच तिला वाटले असावे, आणि तिने ती कढईवर उपडी केली.

चौकशी झाली. “कामगार मुलीच्या अज्ञानामुळे अपघात,” असा निष्कर्ष निघाला. जिने वाळूविषयी विचारले होते तीच तेवढी अज्ञानी ठरली. मेलेल्या माणसाला पदवी देताना कोणी हात आखडता घेत नाही.

अंत्यविधीच्या सकाळी टोलेकाकांनी जिभेच्या एका बाजूला गादी बांधली. तेवढ्यात पाळक धापा टाकत जिना चढून वर आले. ते मनोऱ्यात कधी येत नसत.

“दुसऱ्या बाजूलाही बांध.”

काका म्हणाले, “साहेब, दोन्हीकडून बांधली तर हिची वाचाच जाईल.”

“दोर तर ओढता येईल ना?”

“येईल की. पण ओढून उपयोग काय?”

“मग झालं. वाजवली असं म्हणता येईल. आपल्याला खोटं बोलायचं नाहीये.”

काकांनी खिशातून सुतळी काढली. मग दुसरी गादी बांधली. मी त्यांना माफ केलेले नाही, पण त्यांच्याविषयी बोलण्याचीही मला इच्छा नाही. हुकूम पाळणाऱ्यांवर जग पुरेसे बोलते. हुकूम देणाऱ्यांवर बोलायला कोणी उरत नाही.

शवपेटी अंगणात होती. शिंपीण तिच्यावर हात ठेवून उभी होती. मनोऱ्याच्या खालच्या दारातून तिला काका आणि त्यांच्या हातातला दोर दिसत होता, वर जाताना, खाली येताना. मी हेलकावत होते. जीभ माझ्या अंगावर आपटत होती आणि तिच्यातून उशीवर बुक्की मारल्यासारखा ‘धप्’ असा आवाज येत होता. अंगणापलीकडे तो गेलाच नाही. कोणत्याही उंबऱ्यावर कोणी आले नाही. कोणी विचारले नाही.

“काका,” शिंपीण म्हणाली, “दोर हलतोय. घंटा का वाजत नाही?”

“वारा उलटा आहे, ताई,” काका खाली पाहत म्हणाले.

“वारा? पान हलत नाहीये, काका!”

पाळकांनी घाईने प्रार्थना सुरू केली. पहिला टोला पडल्यावाचूनच पेटी उचलली गेली. तिच्या मागून घरचे चार लोक आणि कारखान्यातल्या बायका चालत गेल्या. वस्ती आपापल्या कामात होती. मालक आजारी असल्याचा निरोप आला होता.

पुढच्या रविवारी पाळक कुठल्या तरी परक्या देशातल्या महापुरावर बोलले. फार सुंदर बोलले.

अहवाल छापून आला आणि कोणी तरी तो शिंपिणीला वाचून दाखवला. त्याच आठवड्यात, भर दुपारी, ती जिना चढून माझ्यापाशी आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, कमरेला कात्री. तिने माझ्या पोटाखाली वाकून पाहिले. दोन्ही गाद्या जिथल्या तिथे होत्या. त्या सोडण्याची कोणाला आठवण राहिली नव्हती. तेव्हापासून उपासनेलाही मी वाजले नव्हते, आणि कोणाला त्याचे काही वाटले नव्हते. माणसांच्या उपेक्षेविषयी मला हेच सर्वात अधिक सांगायचे आहे. मी मुकी झाले हे कळायला त्यांना एका आईची गरज लागली.

तिने दुसरी गादी कापून काढली. पहिली, मरणाची, तशीच ठेवली. मग माझ्या गार अंगाला तळहात लावून ती म्हणाली, “तुझा दोष नाही, म्हातारे.” लेकीचा शब्द तिला ठाऊक असावा.

मित्रांनो, माझी अखेरची विनंती इथेच करते, कारण यापुढचे शब्द माझे नाहीत. घंटेची निगा म्हणजे तिला चिंच लावून चकचकीत ठेवणे नव्हे. मला मोठ्या दिवसांआधी नेहमी घासले जाई, जीभ बांधलेली असतानाही घासले गेले, आणि बांधलेल्या जिभेनेही मी सोन्यासारखी चमकले. तेव्हा चमक पाहू नका. अधूनमधून जिना चढा आणि माझ्या पोटात वाकून पाहा. आणि जी माणसे दूरच्या दुःखासाठी सहज रडतात त्यांना शेजारच्या भिंतीविषयी एखादा साधा प्रश्न विचारत जा. त्याने प्रार्थनेचा अपमान होत नाही. झालाच तर तो प्रार्थनेने सोसावा.

त्या रविवारी पाळक परक्या मुलखातल्या दुष्काळाचे वर्तमान वाचत होते. शिंपीण बाकांमधून चालत पुढे गेली. भोकातून मला तिच्या वहाणांचा आवाज ऐकू आला, आणि मग व्यासपीठावर काही तरी चामडी वस्तू पडल्याचा.

“ही माझ्या मुलीच्या घंटेला बांधली होती,” ती म्हणाली. “कोणी बांधली आणि का बांधली, तेवढं सांगा. मग मी जाते.”

“बाई, ही वेळ नाही,” मालकांचा आवाज आला. “उपासना चालू आहे.”

“चालू आहे ना, साहेब? मग देव ऐकतोय. बरंच झालं.”

“उगाच तमाशा नको. पाळकसाहेब, तुम्ही वाचन पुढे न्या.”

“नका नेऊ,” ती म्हणाली. “दुष्काळ तेवढा वेळ थांबेल.”

बाकांवर कोणी तरी नकळत हसले. वर्तमानपत्र घडी केल्याचा आवाज आला. मग पाळक बोलले. प्रथमच त्यांच्या आवाजात कथील नव्हते. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही:

“बांधायला मी सांगितलं. घंटा वाजली असती तर लोकांनी कोण गेलं ते विचारलं असतं, मग कशानं गेली ते विचारलं असतं, आणि उत्तर देत देत मला या तबकापर्यंत यावं लागलं असतं. मालकांनी वाळू अर्पण केली नव्हती, बाई. फरशी खराब होते म्हणून मी ती मागून घेतली. वाळू नसताना आग लागली तर काय करायचं, असं मालकांनीच मला विचारलं होतं. मी म्हणालो, देव सांभाळेल.”