बुबुळांचे रंग

कृत्रिम डोळे घडवणाऱ्या त्या कार्यशाळेत सगळे त्यांना बाई म्हणत. चारचौघांत मुलगासुद्धा बाईच म्हणे. बुबुळे रंगवणे हे बाईंचे काम. गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवून त्याच्या शाबूत डोळ्यावरून त्या रंग जुळवीत, आणि तपकिरी किती, पिवळ्या रेषा कुठे, कडेचा घेर केवढा, हे मुलाला सांगत. तो संगणकात नोंद करी.

पूर्वी नोंदी डेटाबेसमध्ये असत आणि सर्च इंजिन शोधण्यापुरती त्यांची नक्कल असलेली सूची बाळगी. पण सर्च इंजिनमध्ये दोन शब्द टाकले की हवी ती नोंद समोर उभी राही. "एका घरात दोन चुली कशाला?" असे म्हणून मुलाने डेटाबेस मोडीत काढला. पुढच्या नोंदी थेट सर्च इंजिनमध्येच जाऊ लागल्या. बाईंचीही त्याला संमती होती.

बाईंकडूनच पूर्वी डावा डोळा करून घेतलेले शिंपीकाका आणि काकू जिना चढून आले, तेव्हा काकांच्या त्या डोळ्यावर पट्टी होती.

"धुताना हातून निसटला, बाई. मोरीतून थेट गटारात. आता तिथं काय काय बघत असेल, कुणास ठाऊक."

"दुसरा घडवू," म्हणत बाईंनी त्यांच्या उजव्या डोळ्यात पाहिले. तिथे फूल पडले होते; मूळ रंग पांढुरक्या पडद्याआड पार बुडाला होता.

"एखादा फोटो?"

"फोटोत सगळेच डोळे काळे," काकू म्हणाल्या. "यांच्या तोंडावर ओळखीचा तेवढा तुमच्या हातचाच उरला होता. तोच रंग हवा, बाई."

बाईंनी जन्मभर इतके डोळे रंगवले होते, की त्यातला एकही नेमका आठवत नव्हता. त्या आतल्या खोलीत गेल्या. मुलगा संगणकासमोर पुतळ्यासारखा बसला होता.

"शिंपीकाकांची नोंद काढ."

"नाही निघणार, आई. पिंगट शोधलं तर घाराही सापडावा, म्हणून सूची नव्यानं बांधायला घेतली. जुनी पुसली."

"मग बांध की."

"ती मूळ नोंदींवरून बांधतात." तो थांबला. "आधीच्या नोकरीत सूची बिनधास्त पुसायचो. पाठीमागं डेटाबेस असायचा. हात सवयीनं गेला."

"आणि आपला बॅकअप?"

"डेटाबेसचाच होता. त्याच्याबरोबर तोही काढून टाकला."

"म्हणजे पुस्तक आधीच रद्दीत घातलंस, आणि आज त्याची सूचीही फाडलीस."

"रागव तरी."

"रागावून रंग येणार आहे का?"

काका-काकूंना सांगायला तो उठला. बाईंनी त्याला खांद्याला धरून खाली बसवले. "दारावरची पाटी माझी आहे," म्हणाल्या, आणि बाहेर येऊन आडपडदा न ठेवता झाले ते सांगितले.

काका म्हणाले, "यंत्राचंही आमच्यासारखंच झालं म्हणायचं."

बाईंनी नमुन्याच्या बुबुळांचे तबक काकूंपुढे ठेवले. "तुम्ही रोज पाहिलेला डोळा. तुम्हीच ओळखा."

काकू खिडकीशी सरकल्या. एकेक उचलून उजेडात धरू लागल्या.

"हा जरा जास्तच लाल."

"आणि हा?"

"हा आमच्या व्याह्यांचा. बेरकी."

काका हसले. दुसरे तबक आले, मग तिसरे. काकूंचा हात मंदावत गेला. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पुरे आता. जिना चढताना तो माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होता. एवढे बघितले, आणि त्यात तोही गेला."

"अगं, मग तुला आवडेल तो घे," काका म्हणाले.

काकूंनी तबकात हात घातला आणि हाताला लागला तो, न पाहताच, बाईंना दिला.

"शनिवारी या न्यायला," बाई म्हणाल्या.