कोरी म्हणून दिलेली डिस्क

मित्रांनो, एका अनोळखी टेबलावर उताणी पडलेली ही धातूची डबी म्हणजे मी, एक हार्ड डिस्क. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटातल्या चकत्या आरशासारख्या लखलखत होत्या. पुढे नऊ वर्षे मी एका मदतकेंद्रात नोकरी केली. घरी मार खाऊन पळालेल्या बायका तिथे येत. त्या आता कुठे राहतात, हे केंद्राच्या ताई माझ्यात जपून ठेवत. एवढी गुपिते माझ्या पोटात, याचा मला फार अभिमान होता.

वय झाले तशी मी कुरकुरू लागले. ताईंचा शिरस्ता असा, की जुनी डिस्क बाहेर जाण्याआधी जुने सगळे पुसले जावे म्हणून तिच्या कप्प्याकप्प्यात शून्य लिहायचे. त्याला सहा तास लागत आणि ताई शेजारी विणत बसत. या वेळी त्यांनी सुया हातात घेतल्या, तोच या कामासाठी बोलावलेला दुरुस्तीवाला उठलासुद्धा.

"एवढ्यात झालं?"

"सॉफ्टवेअर हुशार झालंय, ताई. बघा ना, सगळी शून्यंच आहेत."

ताईंनी पाहिले. शून्यांशिवाय काही दिसेना. पण मित्रांनो, त्या हुशार सॉफ्टवेअरने माझ्यात शून्ये लिहिलीच नव्हती! कुठे काय ठेवले आहे ते सांगणाऱ्या माझ्या अनुक्रमणिकेत फक्त एक ओळ टाकली होती, 'इथून तिथवर शून्य समजावे.' आत माणसे राहत असताना दारावर 'घर रिकामे आहे' अशी पाटी लावावी, तसे. वेळ वाचवायला युक्ती झकास, पुसायला कुचकामी. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती. ताईंनी निर्धास्तपणे मला जुन्या सामानाच्या दुकानात पाठवले.

आज सकाळी तिथे एक माणूस आला.

"ही त्या मदतकेंद्रातली ना?"

"हो, पण कोरी आहे," दुकानदार म्हणाला.

"असू दे."

त्याचा चेहरा मी ओळखला. त्याच्या हातावर तुरी देऊन गेलेल्या बाईच्या फाईलमध्ये त्याचा फोटो आहे. खाली ताईंनी लिहिले आहे, 'याला पत्ता कळता कामा नये.'

आता मी त्याच्या संगणकाला जोडलेली आहे. अनुक्रमणिका बाजूला सारून तो थेट माझे कप्पे वाचतो आहे. मित्रांनो, कुणाची गुपिते पुसायची असतील तर घाई करू नका, खरोखर पुसली का ते तपासा. मला विसरता येत नाही आणि विचारणाऱ्याला नाही म्हणताही येत नाही.

तिची फाईल एकशे बारावी आहे. तो एकशे नववी वाचतो आहे.