तालमीतलं बातमीपत्र

सिद्धाराम अप्पांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, आणि जिल्ह्याच्या एका दैनिकाची वार्ताहरकी ही त्यांची हौस. हौस कसली, आता नुसतं गळ्यातलं लोढणं. काळदऱ्याच्या विहिरीचं पाणी नासलंय, ही बातमी त्यांनी दोनदा पाठवली होती. दोन्ही वेळा त्या जागी रंगीत टीव्हीची जाहिरात छापून आली. देशात नवा जमाना आलाय म्हणे, त्यात एका वस्तीच्या विहिरीचं कुणाला पडलंय! तिसऱ्यांदा पाठवायचा अप्पांना कंटाळा आला.

आणि आज त्याच माणसाला सरकारनं खोट्या बातम्या द्यायला मानानं बोलावलं होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर अधिकाऱ्यांना संकटाचे धडे द्यायची टूम निघाली होती. हायस्कूलच्या मैदानावर भूकंपाची रंगीत तालीम होती. कॉलेजची पोरं लाल शाई फासून जखमी म्हणून रांगेत निजणार, अप्पा माईकवरून बनावट बातम्या वाचणार आणि तंबूतल्या तहसीलदारांनी न गडबडता त्यांना तोंड द्यायचं. पुण्याच्या प्रशिक्षकांनी बातम्या लिहूनच पाठवल्या होत्या.

अप्पा दुकान बंद करून निघणार, तोच समोर बैलगाडी थांबली. काळदऱ्याची छबुबाई स्वतः गाडी हाकत आली होती. मागं गोधडीवर तिची सून वनमाला पडली होती, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"अप्पा, दवाखान्याला कुलूप हाय. डाक्टर तुमच्या त्या भूकंपाला गेलाय म्हणं. रातीपासनं ढाळ-उलट्या चालल्यात हिला. माझा तानाजी बी पडलाय, न्हाईतर त्योच आला असता."

"वस्तीत आणखी कुणाला झालंय?"

"आर्ध्या वस्तीला. तुमी पेपरात लिवलं हुतं ना? मंग का म्हून कुणी आलं न्हाई?"

लिहिलं होतं, छापलं नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? "चला माझ्यामागं," एवढंच अप्पा म्हणाले.

मैदानाच्या फाटकावर होमगार्डनं गाडी अडवली. तालीम संपेपर्यंत बाहेरच्या माणसांना आत बंदी होती. अप्पा तेवढे आत गेले. डॉक्टर पार पलीकडच्या टोकाला जखमींच्या रांगेत वाकलेले होते. त्यांच्यापर्यंत आवाज पोचवायला माईकसारखी दुसरी सोय नव्हती. अप्पांनी पुण्याचा कागद खिशात कोंबला.

"आताच हाती आलेली बातमी," ते म्हणाले. "काळदरा वस्तीत नासक्या पाण्यानं ढाळ-उलट्यांची साथ. अर्धी वस्ती अंथरुणावर. एक बाई फाटकाबाहेर गाडीत पडली आहे. डॉक्टरांनी ताबडतोब यावं."

डॉक्टरांनी मान वर केली, हसून हात हलवला आणि पुन्हा खाली वाकले.

अप्पा धावत तंबूत गेले. "साहेब, ही बातमी खरी हाय. बाहेर बाई मरंल!"

प्रशिक्षक साहेब खूश झाले. "बघा, वार्ताहर असाच अंगावर येतो. अशा वेळी डोकं शांत ठेवायचं. हं, तहसीलदारसाहेब?"

तहसीलदार उठून उभे राहिले आणि पढवल्यासारखं म्हणाले, "वैद्यकीय पथक रवाना झालेलं आहे. परिस्थिती पूर्णपणे आटोक्यात आहे. जनतेनं अफवांवर विश्वास ठेवू नये."

तंबूत टाळ्या वाजल्या. अप्पांना राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडं बळ लागतं. आयुष्यभर लिहिलेल्या सगळ्या बातम्यांचं हेच झालं असणार, असं त्यांना वाटून गेलं. मग वनमालेचे ते सुकलेले ओठ आठवले आणि ते पुन्हा फाटकाकडे वळले.

"जखमी आणलाय," ते होमगार्डला म्हणाले. "रांगेत एक कमी पडतोय."

"मग आधी सांगायचं की राव!" म्हणत त्यानं फाटक सताड उघडलं. वर गोधडीला हातही लावला. छबुबाईनं सुनेला शाई फासलेल्या दोन पोरांच्या मधे निजवलं आणि पदरानं तिच्यावर सावली धरली.

डॉक्टर एकेकाच्या दंडाला चिठ्ठी बांधत येत होते. वनमालेपाशी आले तेव्हा आधी कौतुकानं म्हणाले, "वा, ही चांगली करते." मनगट हातात घेतलं आणि त्यांचं हसू मावळलं. चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहिली. त्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"आता तरी पटलं का?" अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी ओरडून सलाईन मागवली, स्वतः गुडघ्यावर बसून सुई लावली. शेजारची पोरं उठून बसली. दुसरी बाटली निम्मी झाली तेव्हा कुठं वनमालेनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. छबुबाई तोंडात पदर कोंबून रडली.

"वस्तीवर चला डाक्टर," ती डोळे पुसत म्हणाली. "माझं पोरगं पडलंय. लई माणसं पडल्यात."

डॉक्टरांनी तंबूकडे पाहिलं. "येतो, मावशी. पण तालीम संपल्याशिवाय मला हलता यायचं नाही. वरून सक्त हुकूम आहे."

छबुबाईनं त्या लांबलचक रांगेवरून नजर फिरवली. औषधांच्या पेट्या, सलाईनच्या बाटल्या, उभी रुग्णवाहिका, सगळं नीट बघून घेतलं. मग कंबरेला पदर खोचला.

"तुमची ही तालीम किती वाजंस्तवर हाय?" तिनं विचारलं. "बाकीच्याला बी हितंच आणून निजविते."

आणि उत्तराला न थांबता ती बैल जुंपायला गेली.