सुपडूआबांच्या हातची जीप

जुनी जीप आहे मी, मित्रांनो. इंजिनाची ताकद माझ्या चारही चाकांना मिळते, त्यामुळे चिखल असो की डोंगराची चढण, मी सहसा अडले नाही. आता मात्र थकले आहे. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथे सुपडूआबांच्या ओट्यासमोर मी उभी असते. कोंबड्या माझ्या बॉनेटवर बसतात. हाकलण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी अशी नव्हते. स्टेअरिंग जरासे फिरवले की माझी चाके लगेच वळायची. आधी धरणाच्या कामावर साहेबलोकांना हिंडवले, मग लिलावात सुपडूआबांनी मला घेतले. तेव्हापासून माझे काम एकच. गावातल्या बायकांना त्यांच्या टोपल्यांसह साक्रीच्या आठवडे बाजारात न्यायचे आणि दिवेलागणीच्या आत परत आणायचे. रस्ता खड्ड्यांचा, ओझे मापापेक्षा जास्त. माझे सांधे हळूहळू झिजत गेले. आबा स्टेअरिंग फिरवायचे, पण त्यातले बरेचसे फिरणे वायाच जायचे. चाकांपर्यंत काही पोहोचतच नसे. सरळ रस्त्यावरही मी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटायची, आणि आबांचे दोन्ही हात मला सतत मार्गावर आणत राहायचे.

आता गंमत ऐका. आजाऱ्याला औषध द्यायचे सोडून लोकांनी माझ्या आजाराचेच कौतुक सुरू केले! असली गाडी सुपडूआबाच हाकू जाणे, असे गावभर झाले. आबांची छाती फुगायची. "हाई गाडी फक्त मनंच ऐकस," असे ते पारावर सांगायचे. मी कुणाचेच ऐकत नव्हते, आबांचेही नाही. पण गाडीला विचारतो कोण?

आबांची मुलगी रूपाली गाडी शिकली, धुळ्याला जाऊन लायसन्सची परीक्षा पास झाली. मोठ्या हौसेने तिने मला हातात घेतले आणि पन्नास पावलांवर मी तिला बाभळीत नेऊन घातले. आबा पोट धरून हसले. "ऱ्हाऊ दे बेटा, हाई काम तुनं नही!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. दोष माझा होता आणि शिक्का तिच्यावर बसला.

एकदा एका मेकॅनिकने माझ्या स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगचे फिरणे चाकांकडे पाठवणाऱ्या पेटीचा, स्क्रू आवळून दिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बॉक्सला काहीच झाले नव्हते. स्टेअरिंग तेवढे जड झाले आणि मी भरकटायची ती भरकटतच राहिले.

शेवटी एका बाजारच्या दिवशी साक्रीत माझे पुढचे चाक पंक्चर झाले आणि रूपालीने हट्ट धरून आबांना माझ्यासह इसाक मिस्त्रींकडे नेले. त्यांनी मला जॅकवर चढवून चाक दोन्ही हातांनी हलवले, तर ते खडखड वाजले. मग त्यांनी मला खाली उतरवले, रूपालीला स्टेअरिंगवर बसवून ते थोडे इकडे, थोडे तिकडे हलवायला सांगितले आणि स्वतः माझ्याखाली आडवे झाले. बॉक्समधून निघणारा दांडा हलत होता, त्याच्या टोकाचा सांधा नुसताच डुगडुगत होता आणि चाक ढिम्म होते.

"बॉक्सले काही व्हयेल नही, आबा," ते खालूनच म्हणाले. "सांधा घसाई ग्यात. एक दिन दांडा गळी पडी."

आबा नाराज झाले. पण मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांना नाही म्हणता येईना.

इसाकभाईंनी माझे सांधे बदलले, चाकांच्या मुळाशी असलेली बेअरिंगे बदलली, पुढची दोन्ही चाके मापून एका रेषेत आणली. किती वर्षांनी मी सरळ उभी राहिले! वाटले, सुटले एकदाची. आबा रुसले होते, म्हणून घरी मला रूपालीनेच चालवत आणले.

पुढच्याच बाजाराला घात झाला. वाटेत नाल्यावर एक फरशी आहे, कठडे नसलेला ठेंगणा पूलच. तिच्या आधी वळण आहे. मी उशिरा वळायची म्हणून आबा तिथे नेहमी आधीच स्टेअरिंग भराभरा फिरवून ठेवत. त्या दिवशीही त्यांनी तसेच फिरवले. पण आता मी ऐकणारी झाले होते. त्यांनी सांगितले आणि मी लगेच वळले. माझे डावे चाक फरशीबाहेर लोंबकळले. टोमॅटोच्या टोपल्या नाल्यात गेल्या. पुढे बसलेल्या सुनंदाबाईंचे कपाळ समोरच्या लोखंडी दांडीवर आदळून फुटले. आम्ही सगळे खाली जायचे, ते थोडक्यात वाचलो.

बायका एकेक करून उतरल्या. पदराने कपाळ दाबत सुनंदाबाई म्हणाल्या, "आबा, तुमना हात चांगला शे, आम्ही तोंडवर सांगतस. पन गाडीमा बठनूत का जीव मुठमा धरी बठतस. आजनं नही, कायमनं." आणि त्या बाजाराच्या दिशेने चालू लागल्या. बाकीच्याही निघाल्या.

आबांना हे फार लागले. लोकांनी ट्रॅक्टरला दोर बांधून मला ओढून काढले, तशी त्यांनी मला थेट इसाकभाईंच्या दारात उभी केली.

"इसाक, पहिले व्हती तशी करी दे. ढिली."

इसाकभाई हसले. "आबा, बठ्ठा लोके गाडी सुधाराले येतस. बिघाडाले तुम्हीच पहिला."

त्यांनी चेष्टा केली खरी, पण आबांचा चेहरा पाहून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. आबा माझ्या बंपरवर बसले. त्यांचे हात मांडीवर होते आणि तिथेही ते जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलत होते. खरे सांगते मित्रांनो, तेव्हा मलाही वाटले, करा मला पुन्हा ढिली. या माणसाचे असे तोंड बघवत नाही.

मग मान वर करून आबा मागोमाग आलेल्या लेकीला म्हणाले, "बेटा, माले शिकाड."

बाजार नसला की साक्रीचे बाजारपटांगण मोकळे असते. तिथे बाप-लेक मला घेऊन जायचे. जित्याची खोड ती! आबांचे हात काही ऐकेनात. रूपाली शेजारी बसून सांगायची, "आबा, काहीच करू नका. ती नीट जाई ऱ्हायनी." काहीच न करणे आबांना सगळ्यात अवघड गेले. पण एका संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मी सरळ गेले आणि त्यांचे हात नुसते टेकलेले होते.

मग बाजाराचा दिवस आला. सुनंदाबाई कपाळावर पट्टी लावून आल्या, रूपाली शेजारी बसली आहे हे पाहून चढल्या, आणि बाकीच्याही चढल्या. फरशी आली नि गेली. बायका टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत होत्या. आबांची वाहवा कोणीच केली नाही.

घरी आल्यावर आबा उतरेनात. मग उजवा खांदा चाचपत लेकीला म्हणाले, "रूपा, आज मना खांदा दुखना नही वं."

रूपालीला हसावे की रडावे कळेना. दर बाजारच्या रात्री त्यांचा खांदा शेकून द्यावा लागे. गाडी चालवणाऱ्याचा खांदा दुखणारच, असे आबा इतकी वर्षे धरून चालले होते.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, पुसा, सावलीत ठेवा, हे मी मागणार नाही. माझे थोडेच राहिले आहे. एवढेच करा. एखादे माणूस मोडक्या वस्तूशी रोज झुंजून ती चालवत असेल तर टाळ्या वाजवून निघून जाऊ नका. जवळ जा आणि त्याला विचारा, तुला कुठे दुखते का.